जमिनीवरचा कॅप्टन

— न्हाई न्हाई, तिथं नका बसू भाऊ, ती खुर्ची हलती. इकडं दिवाणावर बसा, पंख्याखाली. सर येतीलच आता — सर म्हणजे आमचे मालक, सारं बदनापूर त्यांना सर म्हणतं, मंग मीबी सरच म्हणते, सारी नोकरी शाळेत शिकवण्यात गेली आन् आता रिटायर झाले तं घरात शिकवून राह्यले. स्टेशनवर गेलेत, राजानंद भाऊजींना आणायला. गाडी लेट हाय म्हणं. आता मध्यस्थच गाडीत अडकून बसला तं बोलणी कोण करणार, पण तुमी मोटरसायकलवर आले ते बरं केलं, वेळेवर आले. जाताना सर मला सांगून गेले — केशर, पाव्हणे आधी आले तं पाणी दे, चहा दे, पाऊसपाण्याचं बोल, तुरीचं बोल, आपल्या संशोधन केंद्राचं नवं बियाणं आलंय त्याचं बोल, पण पोराच्या फौजेचं बिलकुल काढू नको. मंग मी काढणारच न्हाई. तुरी कश्या हायेत तुमच्याकडं शहागडला? — न्हाई का? शेतीच न्हाई? व्हय, व्हय, तुमी पाटबंधारे खात्यात व्हते न्हाई का, राजानंद भाऊजी म्हन्ले व्हते. मंग तुरीचं तं संपलंच.

— कोणत्या फौजेचं? म्या म्हन्लं का फौजेचं? … म्हन्लं वाटतं. बघा, हे असं हाय माह्या तोंडाचं. आता निघालंच हाय तं पुरतं ऐका, अर्धवट ऐकलं की माणूस उरलेलं आपल्या मनानं भरतो आन् वाईटच भरतो. तुमाला पोराच्या माहितीचा जो कागद दिलाय राजानंद भाऊजींनी, त्याच्यावर कॅप्टन संघपाल असं लिव्हलंय, ते खरं हाय. आमच्या घरात खोटं चालत न्हाई. पोरगा पायलट हाय हेबी खरं, हैद्राबादहून विमान चालवतो, मी स्वतः बसून आले त्याच्या विमानात, ढगाच्या वर गेल्यावर त्याचा आवाज आला, तं म्या शेजारच्या बाईला म्हन्लं हा माहा पोरगा, तिनं कानातली गाण्याची वायर काढली न्हाई. पण कॅप्टन — आता तुमी असं बघू नका — कॅप्टन तो विमानातला न्हाई. विमानात पुढं दोन खुर्च्या असतात. डाव्या खुर्चीवर बसतो तो कॅप्टन, उजव्या खुर्चीवर बसतो तो त्याच्या हाताखालचा, चालवतात दोघंबी पण हुकूम डाव्याचा. आमचा संघपाल उजव्या खुर्चीवर हाय. कॅप्टन तो फौजेत हाय. जमिनीवरचा. मंग कागदात खोटं काय लिव्हलं सांगा. कॅप्टन हाय, पायलट हाय, दोनी बराबर. कोणतं कुठलं ते वाचणाऱ्यानं बघायचं.

— न्हाई, फौज म्हणजे पक्की फौज न्हाई ती. प्रादेशिक सेना म्हणतात सर, मी अर्धी फौज म्हणते. आपापली नोकरी करणारी माणसं असतात, कुणी मास्तर, कुणी एसटीवर, कुणी दुकानदार, वर्षाला दोन महिने बोलावतात, कवायत, बंदूक, तंबू, आन् शिमेवर काही झालं की मंग दोन महिन्यांचं काही खरं न्हाई, सोडतील तवा यायचं. आता तुमीच सांगा, ज्याला विमान चालवाया येतं त्याला फौजेनं काय द्यायला पायजे? विमान द्यायला पायजे. तं न्हाई. पायदळात घेतलं. आभाळात उडणारं माहं पोरगं तिथं जाऊन कोपरावर रांगतं. पहिल्या कॅम्पहून आला तं कोपरं सोललेली, म्या म्हन्लं हे काय रे, तं म्हन्ला आई, जमीन शिकून राह्यलो. मला तं काही कळलं न्हाई. आमच्या पिढीनं जमिनीतून वर यायला जीव काढला, आन् हा वर पोचून खाली उतरून राह्यला.

आन् विमानाच्या कंपनीला सुरवातीला लई कौतुक, बरं का. त्यांनी वर्दीतला फोटो मागून घेतला, हापिसात लावला, मोठ्या साहेबानं हात मिळवला, म्हन्ले तुमच्यासारख्या माणसांचा आमाला अभिमान हाय. अभिमान मार्चपर्यंत राह्यला. एप्रिलात शाळांना सुट्ट्या लागल्या, लोक लागले फिरायला, विमानं भरून चालली, पायलट कमी, आन् तेवढ्यात ह्याचा कॅम्प आला. ड्युट्या लावणारे जे साहेब हायेत त्यांनी बोलावून घेतलं. म्हन्ले, देशसेवा जरूर करा, पण मे महिन्यात नको. ह्यानं फौजेला कळवलं, साहेब, जरा पुढं ढकलता येईल का. तिकडचे कर्नल म्हन्ले, लढाई काय तुमच्या कंपनीचं वेळापत्रक बघून येती का? तरी ढकललं त्यांनी, माणूस चांगला, पावसाळ्यात ढकललं. तं पावसाळ्यात नेमकं कंपनीनं ह्याला डाव्या खुर्चीच्या ट्रेनिंगला बोलावलं. ते एक नकली विमान असतं, खोलीतच असतं, हलतं-डुलतं पण कुठं जात न्हाई, त्याच्यात पास झालं की कॅप्टन. आता फौजेला दुसऱ्यांदा कोणत्या तोंडानं सांगणार? गेला कॅम्पला. कंपनी म्हन्ली ठीक हाय, पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी परत तसंच. तवर हरिओम म्हणून त्याच्या मागून लागलेला एक पोरगा, ह्यानंच त्याला पहिल्या दिवशी कॅन्टीन कुठं हाय ते दाखवलं व्हतं, तो कॅप्टन झाला, डाव्या खुर्चीवर बसला आन् आमचा त्याच्या उजव्या बाजूला बसून त्याला सर म्हणाया लागला. मला फोनवर हासत सांगितलं. म्या म्हन्लं, तुला काहीच कसं वाटत न्हाई? तं म्हन्ला, वाटतं ना आई, पण विमान चालू असताना वाटून घ्यायला टाइम नसतो.

चहा घ्या ना, गार व्हईल. साखर कमीच टाकलीय, राजानंद भाऊजी म्हन्ले व्हते तुमाला शुगर हाय. — आता एक आणखी हाय, तेबी मीच सांगते, उद्या बाहेरून कळलं तं तुमाला वाईट वाटंल. साखरपुडा झाल्ता त्याचा. नांदेडकडची पोरगी व्हती, अक्षता नाव, फार्मसी झालेली, दिसायला गोड, दोघांचं फोनवर बोलणं व्हायचं, मी आवाज ऐकायची नुसता हासण्याचा. मे महिन्यातली तारीख धरली. कंपनीकडून सुट्टी घेतली — ती मात्र मिळाली, लग्नाला सुट्टी देतात ते. कपडे शिवून झाले. आमी सगळे हॉलच्या मालकाशी भांडून राह्यलो व्हतो, जेवणात काय ठेवायचं म्हणून, आन् तिकडं शिमेवर तंग झालं. गेल्या उन्हाळ्यातलं. तुमीबी टीव्हीला चिटकून बसलेच असाल, सारा मुलूख बसल्ता. म्या मनाला म्हन्लं, पक्की फौज हाय ना एवढी, ह्या अर्ध्यांना कशाला बोलावतील? तं अर्ध्यांनाच बोलावलं. त्याच्या पलटणीला हुकूम आला.

तो त्या दिवशी इथंच व्हता, लग्नासाठी आलेला. फोन ठेवला आन् आधी अक्षताला लावला, आईला मागून सांगितलं. मंग कंपनीला कळवलं. तं ड्युट्या लावणारे साहेब म्हन्ले, सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द केल्यात, लग्नाचीबी, घरी तयारीत बसायचं, बोलावलं की यायचं. आता गंमत ऐका भाऊ. उत्तरेकडचे सगळे विमानतळ बंद झालेले. ह्याची विमानं तिकडचीच, ती जिथल्या तिथं उभी. उडायचं काहीच न्हाई. म्हणजे ह्यानं काय करायचं? इथं बदनापुरात बसून, उभ्या असलेल्या विमानांसाठी तयारीत राहायचं. ह्यानं साहेबाला सांगितलं, सर, कायद्यानं मला जावं लागंल. साहेब म्हन्ले, कायदा मला शिकवू नको, तुला पगार कोण देतं ते आठव. आन् हा गेला. तुमी म्हणाल आईनं अडवलं न्हाई का. दारात उभी राह्यले व्हते की. त्यानं माह्या बाजूनं जागा काढली, बॅग आडवी धरून, मला धक्का लागू नये असं, आन् गेला.

आन् कुठं नेऊन उभं केलं म्हणता त्यांना? मला वाटलं डोंगरात, बर्फात. सर नकाशा काढून बसले. तं न्हाई. पंजाबाच्या अंगाला एक विमानतळ हाय, तोबी बंद केल्ता, त्याची राखण करायची. ह्याच्या कंपनीचंच विमान तिथं अडकून पडलेलं. बघा म्हणजे — कंपनी इकडं ह्याला गैरहजर लावून राह्यली आन् हा तिकडं तिच्याच विमानाच्या खाली बंदूक घेऊन उभा. मी ऐकलं तं हासावं का रडावं कळंना. सर म्हन्ले, हे पोरांना निबंधाला द्यायला पायजे.

आन् ते विमान तिथं कुणी आणल्तं? त्याच हरिओमनं. बंदचा हुकूम आला तवा सगळ्यांना जल्दी जल्दी बाहेर काढलं, हरिओमची बॅग विमानातच राह्यली. कपडे, दाढीचं सामान, सगळं. हाटेलात राहून राहून एका दुपारी तो आला बॅग न्यायला. फाटकावरच्यानं आत सोडलं, पण विमानाजवळ संघपाल. ह्यानं हात आडवा केला. तो हरिओम आधी हासला, म्हन्ला अरे तू? इथं? मंग पुढं पाऊल टाकलं तं ह्यानं परत अडवलं. म्हन्ला, सर, पासशिवाय कुणाला जवळ जाऊ द्यायचं न्हाई, हुकूम हाय. तो म्हन्ला, अरे विमान माझं हाय, मी कॅप्टन हाय ह्याचा. तं आमचा काय म्हन्ला — हे मला हरिओमनंच सांगितलं, ह्यानं न्हाई — म्हन्ला, "विमान तुमचं हाय सर. जमीन सध्या माझ्याकडं हाय." न्हाईच जाऊ दिलं. तो चिडला, चांगला चिडला, म्हन्ला हैद्राबादला ये मंग बघतो. हा बरं म्हन्ला, आन् तंबूतून आपली एक जास्तीची बनियन आणून दिली त्याला, फौजेची हिरवी. पुढं विमानतळ उघडंपर्यंत कंपनीचा कॅप्टन ती बनियन घालून हाटेलात फिरला.

त्याच टायमाला ड्युट्यावाल्या साहेबाचा फोन. कुठं हायेस तू म्हणून. हा म्हन्ला, सर, आपल्या विमानाच्या पंखाखाली उभा हाय. आता हे खरं व्हतं. शब्दाला शब्द खरं. पण साहेबाला वाटलं पोरगा टिंगल करून राह्यला. त्यांनी लिहून ठेवलं — गैरहजर, वरून उद्धट उत्तर. आन् जाता जाता त्या हरिओमनं कुंपणाच्या बाहेरून एक फोटो काढल्ता, विमान आन् पंखाखाली हा, तो त्यानं कुणाला तरी पाठवला, त्यानं आणखी कुणाला, फिरत फिरत तो माह्या बहिणीच्या सुनेच्या फोनवर आला. कंपनीनंबी उचलला. खाली लिव्हलं, आमचे वीर, आभाळातबी आन् जमिनीवरबी. आन् त्याच आठवड्यात चौकशीला हजर राहा म्हणून नोटीस. मंग फौज तरी खूष व्हती का? न्हाई. कर्नलनं झापलं, पहाऱ्याच्या जागेचा फोटो बाहेर गेलाच कसा म्हणून. म्हणजे दोघांनीबी मारलं, आन् फोटो दोघांच्याबी भिंतीवर.

चौकशी झाली हैद्राबादला. साहेबानं विचारलं, पंखाखाली उभा हाय म्हणजे काय म्हणायचं व्हतं तुला? ह्यानं सांगितलं, तेच म्हणायचं व्हतं. मंग हरिओमला बोलावलं. मला वाटलं आता हा जुना राग काढणार. तं तो उभा राह्यला आन् म्हन्ला, साहेब, तो खरंच पंखाखाली उभा व्हता, मला स्वतःला माझ्या विमानाला हात लावू दिला न्हाई ह्यानं. मिटली चौकशी. नोकरी राह्यली. फकत डाव्या खुर्चीच्या रांगेत त्याला पार शेवटी नेऊन उभं केलं, तेबी शिक्षा म्हणून न्हाई बरं का — म्हन्ले, तुमच्या देशसेवेत अडथळा नको म्हणून.

— अक्षताचं? तेच सांगते. ती थांबली व्हती. खोटं कशाला बोलू, पोरगी थांबली. तो आला, आमी नवी तारीख काढाया त्यांच्याकडं गेलो, तं तिचे वडील म्हन्ले, तारीख काढू, पण आधी हे फौजेचं सोडून द्या. एकदा झालं, परत व्हईल, माही पोरगी काय दर वेळी हळदीच्या अंगानं बसून राहणार? आता भाऊ, पोरीचा बाप हाय, चुकला का तो? म्या तिथंच, सगळ्यांसमोर म्हन्लं, बराबर बोलून राह्यले तुमी, सोडायलाच पायजे. सर माह्याकडं बघाया लागले. संघपालनं अक्षताला विचारलं, तुला काय वाटतं? तिनं बापाकडं बघितलं, आन् म्हन्ली, पप्पा म्हणतील तसं. तो बरं म्हन्ला. मोठ्यानं न्हाई, भांडण न्हाई. समोर ताट आल्तं ते सगळं जेवला, पानात काही टाकलं न्हाई, तिच्या आईच्या पाया पडला आन् गाडीत जाऊन बसला. रस्ताभर मी बोलत व्हते. परभणी गेलं, सेलू गेलं, मी बोलतच व्हते. म्या म्हन्लं, तुला काय मिळतं रे तिथं? कंपनीत एवढी इज्जत हाय, पांढरा शर्ट हाय, मोठमोठी माणसं सर म्हणतात. तो म्हन्ला, आई, ते शर्टाला म्हणतात. बस, एवढंच.

आता तुमाला वाटंल हेकेखोर हाय. व्हय, हाय. आजोबावर गेलाय. आमचे मामंजी, सर्जेराव, मूळचे वाटूरचे. फौजेत व्हते, पक्क्या फौजेत, लढाई बघितलेले. सुट्टीवर आले की वाटूर फाट्यावर उतरायचे, तिथं मोठाली झाडं व्हती रस्त्याला, त्यातल्या एका झाडामागं जाऊन वर्दी उतरवायचे, घडी करून पिशवीत घालायचे, धोतर नेसायचे आन् मंग गावात शिरायचे. मी नवी नवरी असताना विचारलं, का हो मामंजी, आपल्या समाजाच्या माणसाला वर्दीत बघून कुणी काही करायचं का? तं म्हन्ले, न्हाई बाई, कुणी हात न्हाई लावला कधी. नुसतं बघायचे. पुढं त्यांनी वाटूर सोडलं, इथं बदनापुरात आले, परत तिकडं म्हणून गेले न्हाईत. संघपाल त्यांच्याच मांडीवर वाढला, त्याला हे सगळं ठाऊक.

तं ह्या पलटणीत भुजंग म्हणून एक जवान हाय, वाटूरचाच. एसटीवर ड्रायव्हर असतो एरवी. घर मोठं, पिढीजात जमीनदार, मामंजी ज्या घरासमोरून खाली मान घालून जायचे त्यातलंच. त्याच्या बहिणीचं लग्न निघालं यंदा माघात. साहेब, आईबापांना घेऊन आलंच पायजे, म्हणून फोनवर फोन. मी म्हणत व्हते नको, आपलं काय काम. गेलो. साधा शर्ट घातल्ता ह्यानं, चेक्सचा. मांडवात शिरलो, भुजंग वाढून राह्यल्ता, हातात बुंदीची बादली. ह्याला बघितलं, बादली खाली ठेवली, हात पुसले, आन् सगळ्या पंगतीसमोर टाच जुळवून सलाम ठोकला — जय हिंद साहेब. वाजवणारेबी थांबले. त्याचा म्हातारा बाप खुर्चीवर बसल्ता पुढं, त्याला काही कळंना, पोरगं उभं राह्यलं म्हणून तोबी उठला, आन् उठल्यावर आता काय करावं सुचंना तं आपली खुर्ची सरांकडं सरकवली. सर बसले. ह्यानं भुजंगाला सलाम परत केला आन् म्हन्ला, बुंदी वाढ आधी, लोक थांबलेत.

येताना फाट्यावर गाडी थांबवाया लावली त्यानं. खाली उतरला. मला म्हन्ला, आबा कोणत्या झाडामागं कपडे बदलायचे? म्या बघितलं. आता तिथं काय हाय, रस्ता रुंद झाला, टपऱ्या, ट्रका, पंप. म्या म्हन्लं, झाडं तं गेली बाबा. तो तरी उभा राह्यला जरा वेळ रस्त्याकडं बघत. मंग गाडीत येऊन बसला.

— म्हणून मला पटलं असं न्हाई हां. बिलकुल न्हाई. एका सलामानं पोट भरतं का? रांगेत पार शेवटी नेलं पोराला, त्याच्यामागून आलेले पुढं बसले, लग्न मोडलं, आन् सुधरलं का काही? आता तुमाला हेबी सांगून टाकते, सर काय म्हणायचं ते म्हणोत. आज तो विमानावर न्हाई. राजानंद भाऊजी ड्युटीवर हाय म्हन्ले ना तुमाला, ती ही ड्युटी — कॅम्पला गेलाय. आन् ह्याच महिन्यात कंपनीनं त्याला नकली विमानावर बोलावल्तं, मोठ्या मुश्किलीनं नंबर लागल्ता, हरिओमनं शब्द टाकला म्हणून. साहेबानं स्वच्छ सांगितलं, ह्या खेपेला न्हाई आलास तं डाव्या खुर्चीचं नाव काढू नको. ह्यानं फौजेला विचारलं, ते म्हन्ले ह्या खेपेला नव्या पोरांना तुलाच शिकवायचंय, दुसरा अधिकारी न्हाई. तो बिनपगारी गेला. मला जाऊन पोचल्यावर सांगितलं. आता काय म्हणायचं ह्याला? अर्धा पायलट, अर्धा शिपाई, आन् आईच्या वाट्याला पुरा कोणीच न्हाई. मी सरांना म्हन्लं, बायको आली की येईल ताळ्यावर. घरात माणूस असलं की पाय अडखळतो. म्हणूनच घाई करून राह्यलो आमी, खरं सांगते. चांगली, बोलकी, धीट पोरगी पायजे, जी म्हणंल, बास झालं आता तुमचं, ठेवा ती बंदूक.

— काय म्हन्ले?

— न्हाई, ऐकलं म्या. परत म्हणा पण.

— सोडून द्यावं लागंल. लग्नाआधी. व्हय … बराबर हाय. मीबी तेच बोलून राह्यले व्हते इतक्या वेळ, तुमी काही वेगळं न्हाई म्हन्ले. तुमचे ओळखीचे हायेत मुंबईला, ते सोडवतील त्याला तिथून, कंपनीतबी बोलतील. व्हय. आन् कुणाच्या मांडवात कुणी सलाम ठोकला म्हणून पोराचं करियर वाया घालवायचं का. — हे असं म्हन्ले ना तुमी? हासून म्हन्ले, पण म्हन्ले.

तुमच्या पोरीनं सांगितलंय का हे? — तिला ठाऊकच न्हाई अजून. म्हणजे तुमीच म्हन्ले. तिनं समोर बसून म्हन्लं असतं, तं म्या ऐकून घेतलं असतं, त्यालाबी ऐकाया लावलं असतं. तिचं ते चाललं असतं. तुमचं … कसं सांगू भाऊ. मी त्याला शंभरदा म्हणीन सोड म्हणून. उद्या फोन आला तं उद्याबी म्हणीन. मी आई हाय, माह्या म्हणण्यानं तो थांबत न्हाई, हे मला ठाऊक असतं, म्हणून म्हणते. तुमी म्हणता तवा असं वाटलं, कुणीतरी त्याला फाट्यावर उतरवून म्हणून राह्यलंय, जा, झाडामागं जाऊन ये.

न्हाई, राग न्हाई. रागाचं काय त्यात. पोरीचे बाप हायेत तुमी, बघूनच द्यायला पायजे. तिला चांगलं स्थळ मिळंल, एका ठिकाणी राहणारं, रोज जेवायला घरी येणारं. न्हाई, सरांसाठी थांबू नका. सरांना मी सांगते काय सांगायचं ते, आन् राजानंद भाऊजींनाबी. — फोटो राह्यला ना, हा घ्या तुमच्या पोरीचा. गोड हाय, नजर लागंल अशी. तिला म्हणा … न्हाई, काही नका म्हणू.

उन्ह हाय, डोक्याला रुमाल बांधा. जय भीम. आन् फाटक लावून घ्या जाताना, शेळ्या शिरतात.